वासराचा वांटा

मनुष्याचा पोटाचा धंदा एक आणि जिवाची आवड दुसरी, असें पुष्कळदां घडतें. दिवसभर आंकडेमोड करणारा कारकून सायंकाळीं सतार घेऊन बसतो. औषधांचा दुकानदार पहाटे उठून गुलाबाचीं कलमें बांधतो. यांत अडचण कांहींच नाहीं, कारण सतारीचें आणि आंकड्यांचें परस्परांशीं वैर नसतें. परंतु एखाद्याचा धंदाच असा असावा कीं, ज्या वस्तूवर त्याचा जीव जडला तिचीच त्या धंद्यापायीं हानि व्हावी, तर त्यानें काय करावें? धंदा सोडावा, आवड सोडावी, कीं दोहोंच्या मधून डोळे मिटून चालावें? अमेरिकेंतील एका तेलसंशोधकाच्या चरित्रांत या प्रश्नाचें एक उत्तर मला सांपडलें. तें सर्वांचें समाधान करील असें मी म्हणत नाहीं. पण तें प्रामाणिक आहे, आणि सध्यां आमच्या घरांत उभ्या राहिलेल्या एका प्रश्नासहि तें लागू पडतें. म्हणून तें वाचकांपुढें ठेवितों.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं तेलाच्या धंद्यांत इंजिनियर आहे. गेल्या दिवाळींत तो भेटीस आला असतां त्यानें मला एका दरीचीं छायाचित्रें दाखविलीं. दोन्ही अंगांस करड्या दगडाचे उंच कडे, तळाशीं स्वच्छ पाण्याचा ओढा, आणि कांठावर तांबड्या-नारिंगी पानांचीं झाडें. "गुरुजी, ही दरी आमच्याच धंद्यांतल्या एका माणसानें देशाला देऊन टाकली," असें तो म्हणाला, आणि परत गेल्यावर त्या गृहस्थाविषयींचें बरेंच वाङ्मय त्यानें मजकडे पाठविलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत व त्याबरोबर पाठशाळेंतलें संस्कृत एवढेंच. भूगर्भशास्त्राशीं संबंध आला तो शाळेंत भूगोल शिकविण्यापुरता. तरी दोन महिने कोशाच्या साह्यानें मीं तें सर्व वाचून काढलें.

वॉलेस प्रॅट यांचा जन्म १८८५ सालीं कॅन्सस राज्यांतील फिलिप्सबर्ग या गांवीं झाला. कॅन्सस विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचें अध्ययन करून १९०९ सालीं ते फिलिपाइन बेटांत सरकारी नोकरीवर गेले. तेथें जानेवारी १९११ मध्यें ताल नांवाच्या ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला. सरोवराच्या मध्यभागीं असलेल्या या ठेंगण्या पर्वतानें तेराशेंहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या उद्रेकाचा शास्त्रीय वृत्तांत प्रॅट यांनीं लिहिला. ज्यानें ऐन पंचविशींत पृथ्वीचें तें उग्र रूप इतक्या जवळून पाहिलें, त्याला पुढें ती केवळ द्रव्याची पेटी वाटणें शक्य नव्हतें, असा माझा तर्क आहे.

मायदेशीं परतल्यावर १९१८ सालीं ते टेक्सासमधील हंबल या तेलकंपनीचे पहिले भूगर्भशास्त्रज्ञ झाले. त्या काळीं तेल शोधण्याची रीत आपल्याकडील पाणाड्याच्या रीतीहून फारशी निराळी नव्हती. कोणी हातांत काटकी धरून माळावर फिरे, तर कोणी जेथें जमिनींतून तेल पाझरतांना दिसे तेथेंच भोंक पाडी. खडकांचे थर कोठें वांकले आहेत, कोठें तुटले आहेत, हें पायीं हिंडून पाहावें, त्यांचे नकाशे काढावे, आणि जें डोळ्यांस दिसतें त्यावरून न दिसणाऱ्याचें अनुमान करावें, ही पद्धति त्या धंद्यांत नवी होती. धूर पाहून अग्नीचें अनुमान करणाऱ्या आमच्या नैयायिकांना ती ताबडतोब समजली असती! या नव्या शास्त्राच्या उपासकांनीं १९१७ सालीं आपली एक संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रॅट होते, आणि १९२० सालीं ते तिचे अध्यक्षहि झाले. तेल प्रथम सांपडतें तें मनुष्याच्या मनांत, जमिनींत मागाहून, अशा आशयाचें त्यांचें एक मत त्या व्यवसायांत आजहि प्रसिद्ध आहे. १९३३ सालीं दक्षिण टेक्सासमधील किंग रँच या अफाट कुरणाची सुमारें दहा लाख एकर जमीन कंपनीनें भाडेपट्ट्यानें घ्यावी असा आग्रह त्यांनीं धरिला. तेथें तेल लागेल कीं नाहीं याची अनेकांना शंका होती. परंतु तेल आणि वायु दोन्ही विपुल निघालीं. पुढें ते न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे उपाध्यक्ष झाले. द्रव्य, मान, अधिकार, सर्व कांहीं त्यांस या धंद्यानेंच दिलें.

येथें तेलाच्या स्वरूपाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जमिनीच्या पोटांत तेलाचें तळें असतें आणि विहिरींतून पोहऱ्यानें पाणी शेंदावें तसें तें काढावयाचें. वस्तुस्थिति तशी नाहीं. स्पंजांत पाणी मुरावें त्याप्रमाणें सच्छिद्र खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत तेल मुरलेलें असतें, आणि त्याच्याबरोबर असलेला वायु किंवा खालचें पाणी यांच्या दाबानें तें वर येतें. हा दाब जपून वापरला तर विहीर दीर्घकाळ देते. घाईनें वायु उधळून टाकला तर दाब सरतो आणि पुष्कळसें तेल खडकांतच अडकून राहतें. परंतु अमेरिकेंतील कायदा असा होता कीं, ज्याच्या विहिरींतून तेल निघालें तें त्याचें, मग तें शेजाऱ्याच्या जमिनीखालून कां वाहत आलेलें असेना. साहजिकच शेजाऱ्यानें ओढण्यापूर्वीं आपण ओढावें, अशी प्रत्येकाची धडपड सुरू झाली. १९३० सालीं पूर्व टेक्सासमध्यें एक प्रचंड तेलक्षेत्र सांपडलें, आणि पुढच्या वर्षीं पिपाला सुमारें एक डॉलर असलेला भाव कांहीं वेळां दहा सेंटांवर आला. अखेर ऑगस्ट १९३१ मध्यें राज्याच्या गव्हर्नरास तेथें सैनिक धाडावे लागले. उत्पादनास मर्यादा असावी आणि एका तेलक्षेत्राचा कारभार सर्व मालकांनीं मिळून एकविचारानें चालवावा, या मताचा ज्या कंपन्यांनीं पुरस्कार केला त्यांत हंबल ही प्रमुख होती.

हें वाचतांना मला पृथुराजाच्या आख्यानाची आठवण झाली. प्रजा अन्नाविना तळमळूं लागली तेव्हां पृथु धनुष्य सज्ज करून पृथ्वीच्या मागें लागला, आणि ती गाईचें रूप घेऊन पळाली, ही कथा आपण सर्वांनीं पुराणांत ऐकलेली आहे. पुढचा भाग मात्र बहुधा विसरला जातो. शरण आलेली पृथ्वी राजाला म्हणते कीं, मी सर्व कांहीं देईन, पण अगोदर माझ्यासाठीं वासरूं आण. त्याच्या ममतेनें मला पान्हा फुटेल. तेव्हां मनूला वासरूं करून पृथूनें तिचें दोहन केलें. गाय दुभणें या आख्यानास निषिद्ध नाहीं. वासरावांचून दुभणें मात्र त्याला मान्य नाहीं. ज्यांच्या घरीं एके काळीं गोठा होता त्यांना हें निराळें सांगावयास नको. वासरूं आधीं सोडावें, मग चरवी लावावी, आणि शेवटचें दूध वासरासाठीं ठेवून उठावें, हा आमच्या आजीचा नियम होता.

आतां त्या दरीकडे वळूं. १९२१ सालीं जमिनींचे भाडेपट्टे मिळविण्याच्या कामासाठीं प्रॅट पश्चिम टेक्सासमधील पेकॉस या गांवीं राहिले होते. हा सारा मुलुख रुक्ष, वाळवंटी. तेथील एका वकिलानें त्यांस टेक्सासमधील सर्वांत रम्य स्थळ दाखवितों असें सांगून ग्वाडालूप पर्वताच्या बाजूस नेलें. त्या पर्वताच्या कुशींत मॅककिट्रिक नांवाची दरी आहे. बाहेर निवडुंग आणि कांटेरी झुडपें. आंत जावें तों झुळझुळ वाहणारा ओढा, जो मध्येंच खडकाखालीं गुप्त होतो आणि पुढें पुन्हां प्रकट होतो. तेथें मेपल वृक्ष आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचीं पानें लाल होतात. मॅड्रोन नांवाचें एक झाड आहे. त्याची साल पापुद्र्यांनीं सुटते आणि आंतून गुळगुळीत तांबूस खोड दिसूं लागतें. प्रॅट यांचें मन त्या स्थळीं गुंतलें तें कायमचेंच. प्रथम कांहीं भागीदारांसह त्यांनीं तेथील जमिनींत हिस्सा घेतला, आणि १९२९ च्या मंदीनंतर भागीदारांचे हिस्सेहि विकत घेतले.

या दरीचें आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि तें भूगर्भशास्त्रज्ञाच्या दृष्टीलाच जाणवणारें होतें. सुमारें सव्वीस कोटि वर्षांपूर्वीं तेथें समुद्र होता. त्याच्या कांठाकांठानें स्पंज, शैवाल इत्यादि जीवांच्या सांगाड्यांचा चुना सांचून सुमारें चारशें मैल लांबीचा, घोड्याच्या नालासारखा एक बांध तयार झाला. पुढें समुद्र आटला आणि बांध मिठाच्या व गाळाच्या थरांखालीं पुरला गेला. कोट्यवधि वर्षांनीं भूमि उचलली गेली तेव्हां त्याचा एक भाग पुन्हां उजेडांत आला; तोच हा ग्वाडालूप पर्वत. त्याचें शिखर ८,७५१ फूट उंच असून तें टेक्सासमधील सर्वोच्च शिखर आहे. याच प्राचीन समुद्राच्या खोऱ्यांत इतरत्र जमिनीखालीं जे थर दडलेले आहेत त्यांत अमेरिकेंतील अत्यंत समृद्ध तेलसांठे आहेत, आणि त्यांतून आजहि अहोरात्र तेल उपसलें जात आहे. इतरत्र सळई खालीं घालून, वर आलेला दगडाचा तुकडा पाहून ज्याचें अनुमान करावयाचें, तें सर्व या दरीच्या भिंतींवर उघड्या पोथीसारखें मांडलेलें! प्रॅट यांच्या धंद्याचें मूळ आणि त्यांच्या आवडीचें स्थळ हीं एकाच समुद्रांतून निघालेलीं भावंडें होतीं. एकाला त्यांनीं दुभलें. दुसऱ्याला हात लावला नाहीं.

हात लावला नाहीं म्हणजे तेथें राहिले नाहींत असें नव्हे. १९३१-३२ च्या हिवाळ्यांत दरीच्या आंत त्यांनीं एक लहानसें घर बांधलें. दगड आणि लांकूड यांखेरीज त्यांत दुसरें कांहीं नाहीं. छप्परसुद्धां दगडी फरशांचें आहे. मुलांबाळांसह सुट्टींत तेथें यावें, ओढ्याकांठीं बसावें, डोंगर चढावा, असा त्यांचा क्रम होता. एकदां अतिवृष्टीनें ओढ्यास पूर आला आणि वाट बंद होऊन मंडळी आंतच अडकून पडली. तेव्हांपासून कायमच्या वास्तव्यासाठीं दरीबाहेर उंचावर घर असावें असें ठरलें. तें दुसरें घर लांबट व अरुंद, वाळवंटांत उभ्या केलेल्या जहाजासारखें आहे, आणि त्याचें नांवहि त्याच अर्थाचें ठेविलें आहे. १९४५ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, न्यूयॉर्कमधील अधिकारपद सोडून प्रॅट पत्नीसह तेथें राहावयास आले. त्यांच्या या द्वितीय पत्नी आयरिस याहि सामान्य बाई नव्हत्या. १९१७ सालीं स्त्रियांच्या मताधिकारासाठीं वॉशिंग्टन येथें निदर्शनें केल्याबद्दल त्यांनीं कारावास सोसला होता. एवढ्या मोठ्या पदावरून उठून, शेजार नसलेल्या वाळवंटांत संसार थाटणाऱ्या या दांपत्यास वानप्रस्थ हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण त्यांचें तें आचरण होतें वानप्रस्थाचेंच.

वार्धक्यांत प्रकृतीमुळें तें स्थान सोडण्याची वेळ आली. जमीन मुलांना वांटून देतां आली असती. तुकडे पाडून श्रीमंतांच्या बंगल्यांसाठीं विकतां आली असती. प्रॅट यांनीं १९५९ ते १९६१ या काळांत दरीची आपली सुमारें ५,६०० एकर जमीन राष्ट्रीय उद्यानासाठीं सरकारास दान केली. लागूनच असलेलें एक मोठें कुरण सरकारनें विकत घेतलें. १९६६ सालीं उद्यानाचा कायदा झाला, तरी त्यांत अशी अट होती कीं, जमिनीखालच्या खनिजांचे हक्कसुद्धां सरकारच्या स्वाधीन झाले पाहिजेत. वरचें झाड राखावें आणि खालीं भोंक पाडण्याची मोकळीक ठेवावी, असें चालणार नव्हतें. ते हक्क मिळाल्यावर ३० सप्टेंबर १९७२ रोजीं ग्वाडालूप पर्वताचें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. आज त्याचें क्षेत्र ८६,००० एकरांच्या आसपास आहे. प्रॅट यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें, आणि २५ डिसेंबर १९८१ रोजीं वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं ॲरिझोनांतील टूसॉन येथें ते निवर्तले.

हें सर्व चरित्र मीं एका सायंकाळीं आमच्या घरांतील मंडळींस वाचून दाखविलें. सर्व ऐकून घेतल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हें तर गाय मारून जोडे दान! आयुष्यभर तेल उपसलें, आणि शेवटीं एक दरी दिली; त्यांत एवढें कौतुक काय?"

आक्षेप टाकाऊ नाहीं. प्रॅट यांच्या बुद्धीनें जें तेल सांपडलें तें जळून गेलें, त्याचा धूर वातावरणांत मिसळला, आणि त्यानें पृथ्वी तापत चालली आहे हें आज शास्त्रज्ञ एकमुखानें सांगतात. दरी राखल्यानें तो धूर परत येत नाहीं. हिशेबाच्या वहींत एका बाजूस हें मांडलें तर दुसऱ्या बाजूची ५,६०० एकरांची रक्कम लहानच दिसेल. परंतु वही उघडावयाचीच असेल तर ती सर्वांची उघडावी लागेल. रॉकेलच्या कंदिलाखालीं बसून मीं रूपावलि पाठ केली. १९७४ सालीं मुंबईच्या समुद्रांत तेल सांपडल्याची वार्ता आली तेव्हां आमच्या शाळेंत पेढे वांटले होते. आणि आज आमचा चहा उकळतो तोहि अशाच खाणींतून आलेल्या वायूवर. दूध आपण सर्वांनींच प्यालें आहे. धार काढणाऱ्याला एकट्यालाच दोष देऊन आपले पेले लपविणें न्यायाचें होणार नाहीं. गाय मारणें आणि गाय दुभणें यांतला भेद ठरतो तो वासराच्या वांट्यावरून, आणि तो वांटा ठेवणारीं माणसें त्या धंद्यांतच काय, कोणत्याहि धंद्यांत विरळा. सौभाग्यवतींस हें सर्वस्वीं पटलें असें नाहीं. "अर्धें पटलें," असें त्या म्हणाल्या. आणि चाळीस वर्षांच्या संसारांत अर्धें हेंहि थोडें नव्हे!

आतां आमच्या घरांतील प्रश्न. कोंकणांत आमची वडिलार्जित अशी अडीच एकर डोंगरउताराची जमीन आहे. खालच्या अंगास निव्वळ कातळ; वरच्या अंगास ऐन, किंजळ, हिरडा अशीं झाडें, आणि त्यांच्या मुळाशीं एक झरा, ज्यावर खालच्या वाडीचें पाणी चालतें. गेल्या वर्षीं एका कंत्राटदारानें जांभ्याच्या चिऱ्यांची खाण काढण्यासाठीं ती सगळी जमीन मागितली. रक्कम मोठी आहे. माझे धाकटे बंधु तेथेंच राहतात, त्यांच्या मुलीचें शिक्षण व्हावयाचें आहे, आणि "दादा, झाडांवर किती दिवस जगणार?" हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. जमीन आम्हां उभयतांची आहे. पेन्शनीच्या सुरक्षित आसनावर बसून मीं त्यांस निसर्गप्रेमाचा उपदेश करावा, हें मला शोभणार नाहीं.

म्हणून मीं त्यांस पत्र लिहिलें आहे. खालचा कातळ द्यावा, त्याचे सर्व पैसे तुम्हीच घ्यावे, माझ्या वांट्याचेसुद्धां. मात्र झाडें आणि झरा असलेला वरचा एक एकर वाडीच्या नांवें कायमचा करून द्यावा, आणि त्याच्या कडेपासून खाण कांहीं अंतर दूर ठेवण्याची अट करारांत लेखी असावी, असें त्यांत सुचविलें आहे. खाण जवळ आली तर झरा आटेल, ही गोष्ट जाणत्या माणसांस विचारून मीं पक्की केली आहे. बंधूंचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तें काय येईल हें मी सांगूं शकत नाहीं. कंत्राटदाराला अर्धी जमीन नको असेल, तर रक्कमच हातची जाईल, आणि त्याचा भार माझ्याहून त्यांच्यावर अधिक पडेल.

एक गोष्ट मात्र प्रॅट यांच्या चरित्रानें माझ्या मनांत स्वच्छ केली आहे. पृथ्वीवर पाय न ठेवतां कोणी जगलेला नाहीं, आणि तिच्यापासून कांहीं न घेतां कोणाचा संसार चाललेला नाहीं. घेणाऱ्याची परीक्षा होते ती चरवी भरत आली असतां. तेव्हां आणखी चार धारा सहज निघण्यासारख्या असतात, पाहणारें कोणी नसतें, आणि वासरूं तर कांहीं बोलत नाहीं. त्या क्षणीं ज्याचा हात आपण होऊन थांबतो, त्यालाच गाय राखतां आली असें म्हणावें.